डिसेक्शन हॉलचं गावाकडे असलेलं देणं

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यांतली पाच आमच्या विदर्भातली: अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला सरकारी कॉलेज आधीच होतं. सेवाग्रामचं तर १९६९ पासून आहे, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून नावाजलेलं. चांगलंच झालं. जागा किती, कटऑफ किती, इमारत कधी उठणार, याची पेपरात भरपूर चर्चा झाली. पहिल्या वर्षाची पोरं-पोरी डिसेक्शन हॉलमध्ये जे मृतदेह चिरून शरीर शिकणार, ते देह कुठून येणार, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ते दोन वाटांनी येतात. एक देहदानाची. दुसरी बेवारस देहांची, आणि ती कायद्याने आखलेली आहे. १९४९ साली मुंबई प्रांतात झालेला अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्राचा, कायदा पुढे राज्यभर लागू झाला. सरकारी दवाखान्यात किंवा रस्त्यावर कोणी मेलं आणि ठरलेल्या मुदतीत वारस पुढे आला नाही, तर तो देह शिक्षणासाठी कॉलेजला देता येतो. आता बेवारस कोण होतं ते बघा. कामासाठी गाव सोडून गेलेला आणि बसस्टँडवर गेलेला मजूर. दवाखान्यात भरती करून जिच्याकडे कोणी परत फिरकलं नाही अशी म्हातारी. मालगुजाराच्या वाड्यातला माणूस बेवारस होत नाही.

ही रीत आपण शोधलेली नाही. एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी अ‍ॅनाटॉमीच्या शिक्षकाला विकण्यासाठी माणसं मारली, १८२८ साली ते उघडकीस आलं, आणि १८३२ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा केला. दवाखान्यांत आणि गरीबगृहांत मेलेल्या बेवारसांचे देह मिळायला लागले, खून थांबले. आधी खुन्याला फाशीनंतरची शिक्षा म्हणून चिरत, आता गरिबीची शिक्षा म्हणून चिरू लागले, असं तिथल्या गरिबांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं?

मी देह वापरण्याच्या विरोधात नाही. ज्याने कधी खरं काळीज हातात घेतलं नाही, अशा डॉक्टरच्या हाती मी माझं काळीज देणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या लोकांच्या देहांवर हे शास्त्र उभं आहे, त्यांच्या गावात ते शास्त्र परत जात नाही. अ‍ॅनाटॉमीचा विभाग कॉलेजच्या तळमजल्यावर असतो, दार बंद असतं, बाहेर देह टिकवायच्या फॉर्मालिनचा वास येतो. गावाला तेवढंच माहीत. हे देणं आहे, आणि ते थकलेलं आहे.

थकलेल्या देण्याची किंमत कोण मोजतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. १९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातली दोन गावं, ६५० बाया. त्यांच्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगापैकी काही ना काही निघालं. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, अंग बाहेर येणं हे सगळं 'बाईच्या जातीला असतंच' या एका वाक्यात दडपलं गेलं होतं. आपल्या शरीरातली कोणती गोष्ट जागेवर आहे आणि कोणती बिघडली, हे ओळखायला बाईकडे आधी शरीराचा नकाशा लागतो. तो तिला ना आईने दिला, ना शाळेने.

शाळेचं तर मी रोज पाहतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात माणसाच्या प्रजननाचा पाठ आहे, आकृत्यांसह. आमच्या भागात तो पाठ आला की 'हे घरी वाचून घ्या' म्हणून बरेच शिक्षक पान उलटतात. घरी कोण वाचणार, आणि कोणापुढे? मग ती पोरगी लग्न होऊन जाते, दोन बाळंतपणं होतात, कंबर धरते, तालुक्याच्या गावी कोणी डॉक्टर सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगतो, "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल." ती घरी येऊन म्हणते, "काढून टाकतो बाप्पा, आता तिचं काय काम हाय?" पिशवी म्हणजे गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंना बीजकोश (अंडाशय), आणि बीजकोशही काढले तर ऐन तिशी-पस्तिशीत पाळी बंद झाल्याचे सगळे परिणाम, हाडं ठिसूळ होण्यापर्यंतचे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिला आधी माहीत असतं तर तिने एक प्रश्न विचारला असता: बीजकोश ठेवणार की काढणार? त्या एका प्रश्नाने बरेच डॉक्टर सावध झाले असते.

पुरुषांचं अज्ञान याहून महाग पडतं, फक्त किंमत बाई मोजते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचंच बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१, देशात ३७.९ टक्के विवाहित बायांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी ०.३ टक्के. आता अ‍ॅनाटॉमी काय सांगते? बाईच्या बीजवाहिन्या पोटाच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत जायला पोट उघडावं लागतं, निदान भोक पाडून दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी, वृषणाच्या पिशवीत कातडीखाली बोटांनी चाचपता येते. १९७४ मध्ये चीनमध्ये ली शुनचियांग या सर्जनने बिनटाक्याची पद्धत काढली. कातडीला बारीकसं छिद्र, काही मिनिटांचं काम, माणूस चालत घरी. सोपं काय आणि अवघड काय, हे शरीराने स्वतःच ठरवून ठेवलंय. आपण नेमकं उलटं करतो, आणि ऑपरेशन झालेली बाई टाके ओले असताना कापूस वेचायला जाते.

का? विचारा कोणत्याही पानठेल्यावर. "मंग मानसाच्यानं काम होत नाही." वखर धरवत नाही, ताकद जाते, मर्दपणा जातो. यातली एकही गोष्ट शरीराला धरून नाही. पुरुषी संप्रेरक वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं, त्या नळीतून ते जातच नाही. वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो, शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. त्यामुळे बाहेरून काही बदललेलं कळतसुद्धा नाही. आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी शिबिरात घाईघाईत राहून जाते: नळी कापल्यावरही पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात, म्हणून साधारण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळे काय होतं माहीत आहे? त्या मुदतीत बायको गरोदर राहते, आणि गाव तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवतं. शिबिरात एक वाक्य राहून गेलं आणि एका बाईचा संसार उठला.

मुलगी झाली म्हणून सुनेला टाकून बोलण्याबद्दल वेगळं लिहीत नाही. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं, हे एक्स-वायचं गणित आता कीर्तनकारही सांगतात, तरी सासू ऐकत नाही. ते नुसत्या माहितीचं काम नाही, हे मान्य.

इथे एक सवयीचा सूर लागू शकतो, आणि मला तो टाळायचा आहे. गाव अडाणी, शास्त्र शहाणं, म्हणून शास्त्राने गावाला शहाणं करावं. हीसुद्धा एक साचेबंद समजूतच आहे, आणि इतिहास तिला साक्ष देत नाही. शरीराच्या शास्त्राने स्वतःच समाजाचे साचे उचलले आणि त्यांना पुस्तकाची प्रतिष्ठा दिली. हर्बर्ट रिस्ली १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जाती वंशांत बसवल्या. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना नाकांची हीच मोजमापं हाती घेतली आणि दाखवून दिलं की ही मोजणी खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मोजपट्टी त्यांचीच, निकाल उलटा. बायांच्या शरीराबाबतही तसंच. क्लायटोरिस, म्हणजे शिश्निका, हा अवयव पुस्तकात दाखवतात त्यापेक्षा कितीतरी मोठा आणि खोलवर पसरलेला आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल यांनी मृतदेहांच्या विच्छेदनातून मांडलं ते १९९८ साली. माणूस चंद्रावर जाऊन तीस वर्षं होत आली होती.

यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण आमच्याच वर्धा जिल्ह्यातलं आहे. एमबीबीएसच्या न्यायवैद्यक विषयात 'कौमार्याची लक्षणे' शिकवली जायची. योनिपटल शाबूत आहे की फाटलं, यावरून मुलगी 'कुमारी' आहे की नाही ते ठरवा. शरीररचना सांगते की या पडद्याचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो, तो संबंधांशिवायही फाटू शकतो आणि संबंधांनंतरही शाबूत राहू शकतो. म्हणजे धडा शास्त्राचा नव्हता, गावातल्या म्हाताऱ्यांच्या संशयाला पांढरा कोट घातलेला होता. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हे मुद्देसूद मांडून तो भाग काढण्याची मागणी केली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रमातून काढला. बलात्कार झालेल्या बाईची 'दोन बोटांची तपासणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्या खाजगीपणावर घाला ठरवली होती. तरी ती चालूच राहिली म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा, जास्त कडक शब्दांत सांगावं लागलं. तोवर किती पिढ्यांचे डॉक्टर तो धडा पाठ करून गावोगावच्या ग्रामीण रुग्णालयांत गेले असतील! लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवर डाग शोधणारी जातपंचायत आणि ते पुस्तक, दोघांचं म्हणणं एकच होतं.

जातीचंही तेच. मेलेलं ढोर ओढणं, सोलणं हे काम गावाने ज्यांच्यावर लादलं त्यांनाच विटाळ लावला. मेडिकलचा विद्यार्थी त्याहून जास्त वेळ मृतदेहाला हात लावतो आणि त्याला हुंडा जास्त मिळतो. आजही कितीतरी ग्रामीण रुग्णालयांत पोस्टमॉर्टमची पहिली चीर सफाई कामगार देतो. डॉक्टर दोन पावलं मागे उभं राहून कागदावर लिहितो. त्या कामगाराला यकृत कुठे संपतं आणि प्लीहा कुठे लागते हे हाताने माहीत असतं, पण त्याच्या पगारपत्रकावर ते ज्ञान म्हणून लागत नाही. सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून मग थर खरवडत पाहायला सांगितलंय, याचा अभिमान आपण भाषणात बाळगतो. ते प्रेत हाताळायला कोणाचे हात असत, हे भाषणात येत नाही.

म्हणून अ‍ॅनाटॉमी गावात न्यायची तर ती दोन्ही बाजूंनी बोलणारी हवी. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, उत्तर लोकांकडून काढून घेत. विदर्भाला लोकशिक्षणाची ही पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या आपल्या शोधग्राममध्ये दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांना विचारलं होतं, तुम्हाला कसा दवाखाना पाहिजे? उत्तरातून झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव लागलं. त्याच राणी बंग यांनी 'तारुण्यभान' हे शिबिर तरुण पोरापोरींसाठी चालवलं. शरीराबद्दल मोकळेपणी, त्यांच्या प्रश्नांपासून सुरू करून. गडचिरोलीत ते चालतं, तर अमरावतीत का चालू नये?

आणि गंमत अशी की यासाठी नवी योजना नको. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या बॅचपासून प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत, तीही पहिल्या वर्षापासून. सेवाग्रामला बॅचने गाव दत्तक घेण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे ज्या वर्षी पोरगं डिसेक्शन हॉलमध्ये उभं असतं, त्याच वर्षी ते कोणाच्या तरी ओसरीवर बसलेलं असतं. या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध कोणी लावत नाही. ओसरीवर तो बीपी मोजतो, फॉर्म भरतो, संडास आहे का विचारतो आणि बसने निघून जातो. त्याने त्या आठवड्यात गुडघा चिरून पाहिलेला असतो, आणि समोरची आजी गुडघा धरून बसलेली असते! तिला कोणीतरी सांगितलंय की गुडघ्यातलं वंगण संपलं. तिच्या सुनेला सांगितलंय की मणक्यात गॅप आलाय, त्या भीतीने ती वाकायचं थांबली आहे. मणके, त्यांच्यामधल्या गाद्या, त्यातून निघणारी नस हे त्या पोराने कागदावर काढून दाखवलं तर त्याची स्वतःची उजळणी होते आणि सुनेची भीती निम्मी होते. हे काम परीक्षेच्या गुणांत धरा, म्हणजे ते होईल. गुण नसतील तर होणार नाही, पोरांना मी ओळखतो.

सुरुवात कशाने करावी यावर माझा एक हट्ट आहे: रक्ताने नाही, मनगटाने. वर्गात पोट्ट्यांना सांगतो, अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा वर येते. पामेरिस लाँगस नावाच्या स्नायूची. काहींना ती नसतेच, काहींना एकाच हाताला असते. "सर, मले नाही! आता?" म्हणून एखादा घाबरतो. मग सांगायचं की तिच्यावाचून हाताचं काही अडत नाही. दुसरीकडे कंडरा तुटली तर सर्जन हीच काढून तिथे जोडतात. मग वर्गातल्या असलेल्यांची आणि नसलेल्यांची यादी फळ्यावर होते, आणि दाखल्यावरची जात, आडनाव, काळा-गोरा रंग, काहीही धरून ती यादी लावता येत नाही, हे पोरांना माझ्याआधी कळतं. रंगाचा विषय निघतोच. मग सांगता येतं की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या काळ्या आणि गोऱ्या कातडीत जवळपास सारखीच असते, फरक त्या किती आणि कोणतं द्रव्य बनवतात यात असतो. गोऱ्या नवरीची जाहिरात देणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पुढे बोकडाचं काळीज. बाजाराच्या दिवशी खाटकाकडे स्वस्तात मिळतं, त्यालाही माणसाच्या काळजासारखेच चार कप्पे असतात. उभं चिरलं की खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा किती जाड आहे ते पोरांना बोटांत धरून कळतं. का जाड? कारण उजवा कप्पा रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलतो आणि डाव्याला ते पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. बीपीची गोळी का सोडायची नाही, हे इथेच समजावता येतं. आणि खाटकालाच बोलवा ना शिकवायला. त्याच्याइतका सांधा कोणाला कळतो? ज्या गावात मांस चालत नाही तिथे प्लास्टिकचं मॉडेल न्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आक्षेप येतील. पोरीबाळींसमोर असलं बोलायचं का, हा पहिला. त्याला उत्तर ९२ टक्क्यांच्या आकड्यात आहे, अधिक काय सांगू. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येईल: लोकांना अर्धवट कळलं की ते जास्त प्रश्न विचारतात, ओपीडीत वेळ जातो. जाऊ द्या. तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: डिसेक्शन हॉल लोकांना उघडा करून तिथल्या देहांचं प्रदर्शन मांडू नये. बरोबर आहे. ज्यांनी संमती दिली नाही असे देह तर अजिबात दाखवू नयेत. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, असा एक धडा विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि आता बऱ्याच ठिकाणी पोरं देहापुढे शपथ घेतात. तैवानमध्ये त्झू ची विद्यापीठाचे विद्यार्थी त्याच्या एक पाऊल पुढे जातात. विच्छेदनाआधी ते देहदात्याच्या घरी जातात, तो माणूस कसा होता ते घरच्यांकडून ऐकतात, काम संपल्यावर घरच्यांसोबत त्याला निरोप देतात. आपल्याकडे देहदान केलेल्या घराला पुढे काय झालं ते कळतही नाही. प्रमाणपत्र मिळतं, बस्स.

देहदान वाढवायचं असेल तर अडचण फक्त तेराव्याची आणि मोक्षाची नाही, हे कॉलेजांनी समजून घ्यावं. फॉर्म भरलेला असला तरी शेवटी घरच्यांची तयारी लागते, आणि म्हातारा गेल्यावर रात्री पुण्याहून आलेला मुलगा सगळं फिरवतो. पोस्टमॉर्टम झालेला देह साधारणपणे घेत नाहीत, काही संसर्गजन्य आजार असले तरी घेत नाहीत, हे कोणी आधी सांगत नाही. घरचे दुःखात गाडी करून जातात आणि दारातून परत येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना आडगावाहून देह वेळेत पोचवायचा कसा, गाडीचं भाडं कोणी द्यायचं? त्यामुळे पहिल्याच भेटीत देहदानाचे फॉर्म वाटत फिरू नका. आधी वर्षभर गुडघे, मणके, पिशव्या समजावून सांगा, गावाचे प्रश्न ऐका. मग कॉलेजची शववाहिका चोवीस तास मिळेल असा एक नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा, मृत्यूचा दाखला रात्री कोण देणार ते ग्रामपंचायतीत ठरवा, आणि ज्या घराने देह दिला त्या घरी वर्षअखेरीस चार विद्यार्थी पाठवा, काय शिकलो ते सांगायला.